केल्हाइमच्या आधी

बहात्तर

केल्हाइमच्या आधी सांगायचं, एवढंच ठरलं होतं. आधी म्हणजे नेमकं कुठे, ते ऊर्मिलावर सोडलेलं.

न्यूर्नबर्गचा गलका मागे पडतो तिथे जुना कालवा लागला, आणि पहिली पाटी दिसली ती बहात्तर नंबरची. कालव्याला जिथे जिथे पायरी आहे तिथे एक दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारं, शेजारी राखणदाराचं बैठं घर. नाव हौदात घ्यायची, दारं लावायची, पाणी भरलं की नाव वर, सोडलं की खाली. जर्मन लोक त्याला श्लॉयझं म्हणतात. तिच्या सासऱ्यांना, दीनानाथांना, हा शब्द फार आवडला. म्हणाले, हा शब्द दोनदा म्हटला की दाढेत अडकलेलं खोबरं निघतं.

आता तिथून नावा जात नाहीत. कडेने सायकलींची वाट आहे. नंबर केल्हाइमपासून मोजलेले, त्यामुळे इकडून जाणाऱ्याला उलटे लागतात.

"हे बघ सूनबाई, बहात्तर!" दीनानाथ सायकल थांबवून म्हणाले. "मी त्र्याहत्तरचा. म्हणजे माझं दार मागेच राहिलं. आता दर दाराला मी एकेक वर्षानं लहान होणार. केल्हाइमला मला पाळण्यात घालूनच उतरव."

"पाळणा कॅरिअरवर बसेल का, बाबा?"

"बसवायचा. जर्मनीत सगळं बसवतात."

ती हसली. आज बुधवार. शनिवारी दुपारी चारच्या आत केल्हाइमला पोचायचंच, असा सासऱ्यांचा हट्ट होता. तिथे कपिल आईंना घेऊन गाडीने न्यायला येणार होता.

गोष्ट अशी होती. दीनानाथ आणि साधनाताई चिंचवडहून महिन्याभरासाठी झिंडेलफिंगेनला मुलाकडे आले होते. मुलगा कपिल तिथे मोटारींचा इंजिनिअर, सून ऊर्मिला सॉफ्टवेअरमध्ये, नात उर्जा दहावीतली. बाहेरून घर जसंच्या तसं. आतून मात्र गेल्या नोव्हेंबरपासून त्या एका घराची दोन घरं झाली होती. इकडे घटस्फोटाआधी नवरा-बायकोला वर्षभर वेगळं राहावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. दुसरं घर मिळत नसेल तर एकाच घरात वेगळं राहिलेलं चालतं. टेबल वेगळं, पलंग वेगळा, एकाने दुसऱ्याचं रांधायचं नाही, धुवायचं नाही. झिंडेलफिंगेनमध्ये भाड्याचं घर मिळण्यापेक्षा देव भेटणं सोपं. तेव्हा फ्रिजचे कप्पे वाटले गेले. वरचे तिचे, खालचे कपिलचे. गोड्या मसाल्याची बरणी तेवढी कुणाच्याच कप्प्यात जाईना. ती दारात, अंड्यांशेजारी राहिली.

मग आई-बाबांची तिकिटं आली.

"एक महिना," कपिल म्हणाला. "एक महिनाभर आपण..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्यांच्यातली बरीच वाक्यं अलीकडे अशीच राहत. ऊर्मिलाने पुन्हा पाचजणांच्या पोळ्या लाटायला घेतल्या. कपिलचे शर्ट पुन्हा तिच्या धुण्यात आले. तिने वकीलबाईंना विचारलंसुद्धा: सासू-सासरे आलेत म्हणून नवऱ्याला पोळी वाढली, तर वर्ष मोडतं का? वकीलबाईंना हसू आवरेना. "पोळीने मोडत नाही," त्या म्हणाल्या. "पण फ्राऊ पेंडसे, तुम्ही त्यांना सांगूनच का टाकत नाही?"

आल्झो, म्हणजे तर मग, शेवटी वाटणी झाली. बाबांना ऊर्मिलाने सांगायचं, कालव्यावर. आईंना कपिलने, केल्हाइमला येताना गाडीत. म्हणजे कुणाला कुणाकडून फोनवर कळायला नको.

"तुझं ऐकतात ते," कपिल म्हणाला.

ते खरं होतं. तेच तर

त्रेपन्न

अवघड होतं.

त्रेपन्नाव्या दारापाशी दीनानाथ पुन्हा थांबले. हौदात पाण्याऐवजी शेवाळ आणि त्यावर एक बदक. "या दाराशी तू आमच्या घरात आलीस," ते म्हणाले. "मी त्रेपन्नचा होतो."

लग्न झालं आणि कपिल पंधरा दिवसांत जर्मनीला परतला. व्हिसा येईपर्यंत ऊर्मिला चिंचवडला सासू-सासऱ्यांकडे. तिला सायकल येत नव्हती. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "जर्मनीत सायकल न येणारी बाई म्हणजे पुण्यात भांडता न येणारी! लोक बोलतील की आम्हाला." मग रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की चहाही न घेता ते गल्लीत उतरत. गॅलरीगॅलरीत बायका उभ्या. पंजाबी ड्रेसमधली नवी सून सायकलवर, आणि मागे सीट धरून सासरा पळतोय.

"धरलंय, धरलंय! पुढे बघ!"

एके दिवशी तिच्या लक्षात आलं की 'धरलंय' फार लांबून ऐकू येतंय. त्यांनी केव्हाच सोडलं होतं. ती घाबरून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर जाऊन आदळली, आणि दोघंही पोट धरून हसत बसली.

नवऱ्यापासून वेगळं होता येतं. त्याला कायदा आहे, वकील आहे, ठरलेलं वर्ष आहे. सासऱ्यापासून कसं वेगळं व्हायचं ते कुठेच सांगितलेलं नाही. वकीलबाई उलटंच म्हणाल्या होत्या. जर्मन कायद्यात लग्न मोडलं तरी सासरचं नातं मोडत नाही, सासरा कायमचा सासराच राहतो. ऊर्मिलाला ते ऐकून बरं वाटलं होतं, अगदी ट्रामचा स्टॉप येईपर्यंत. मग तिला त्या गॅलऱ्या आठवल्या. तिथल्या बायकांना हे कलम कोण वाचून दाखवणार? आणि साधनाताईंना? दिवाळीला फोन केला तर तो कुणी उचलायचा, आणि उचलून काय म्हणायचं?

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

बदकाने शेवाळात तोंड घातलं.

"काही नाही. पाणी पिऊन घ्या."

(इथे दार नाही)

बुर्गथानच्या पुढे कालवा माथ्यावर पोचतो आणि मग मैलोगणती सपाट. चढ नाही, उतार नाही, श्लॉयझं नाही, म्हणून नंबरही नाही. पाणी वाहत नाही. ते नुसतं असतं. दोन्ही काठांवर सफरचंदाची झाडं. सप्टेंबर असल्यामुळे खाली सडा पडलेला, आणि चाकाखाली एखादं सफरचंद फुटलं की आंबट वास.

दीनानाथांची सायकल बॅटरीची होती, पण सपाटीवर ते बॅटरी बंद करत. "फसवणूक वाटते गं." आणि पायडल मारताना सारखं काहीतरी गुणगुणत. शब्द नाहीत, नुसता ताल. नाना ना ननना ननाननन ना... मधेच अडखळत, एका हाताच्या बोटांवर काही मोजत, सायकल झाडाकडे जाई.

"बाबा, दोन्ही हात!"

"ऊर्मिला, 'एकत्र'ला दुसरा शब्द सांग. चार अक्षरी. पहिली तीन ऱ्हस्व, चौथं दीर्घ."

"सोबत? मिळून?"

"मिळून... मिळुनि... मिळुनिया! शाब्बास गं माझी बाई!"

"कशाला हवाय?"

"शब्दकोडं."

"सायकलवर?"

"मनातलं."

एरवी तिने खोदून विचारलं असतं. पण तिचंही मनातलं कोडं चालू होतं. तिने एकदा सगळं पहिल्यापासून सांगून पाहिलं, ओठ न हलवता.

— बाबा, थांबा ना जरा.

— काय गं, दमलीस?

— नाही. तुम्हाला एक सांगायचंय. कपिल आणि मी वेगळे झालोय.

— ...

— कुणी काही केलं नाही. दुसरं कुणी नाही. भांडणसुद्धा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

— चहा घेऊ या का कुठे?

दर वेळी ते चहाशी येऊन थांबे. पुढचं त्यांचं वाक्य तिला मनातल्या मनातही त्यांच्या तोंडी घालता येईना. वीस वर्षांत या माणसाचं पुढचं वाक्य काय असेल हे तिला कळलं नाही, असं पहिल्यांदाच होत होतं.

खिशातला फोन थरथरला. उर्जा. हल्ली ती आईचं मराठी नुसतं ऐकायची, बोलायची जर्मनमध्ये.

हास्ट दूस इम गेझाग्ट?

सांगितलंस त्यांना? ऊर्मिलाने एका हाताने उत्तर दिलं. नॉख निश्ट. अजून नाही.

लेकीने त्यावर डोळे फिरवणारा एक चेहरा पाठवला. थोड्या वेळाने एक लाल बदामही पाठवला.

सत्तावीस

इथे अजून एक जुनी नाव ठेवली आहे, हौशी लोकांसाठी. काठावरून घोडा दोर ओढतो, नाव त्याच्यामागे सरकते. पूर्वी असाच माल जायचा. कालवा बांधून झाला आणि थोड्याच वर्षांत आगगाडी आली. तेव्हापासून कालवा तोट्यातच.

"म्हणजे जन्मला तेव्हाच जुना झाला होता," दीनानाथ म्हणाले. "आणि तरी बघ दारं किती नीट बसवलीत."

नाव समोरून गेली. आत छत्रीसारख्या टोप्या घातलेल्या आज्या, हातात बिअर. घोडा मान खाली घालून चालत होता. नाव इतकी हळू की काठावरचं एक पोर सहज पुढे गेलं.

"घोड्याला विचारलंय का कुणी?" दीनानाथ म्हणाले, आणि मग पाटीकडे बघून एकदम मऊ झाले. "सत्तावीस. या दाराशी कपिल झाला. साधनाला ससूनला नेलं होतं रिक्षातून. मुलगा झाला म्हटल्यावर मी रिक्षावाल्यालाच पेढा भरवला, डॉक्टर राहिले बाजूला."

आता. आताच. यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही.

"बाबा," ती म्हणाली, "कपिल आणि मी—"

"माहितीये मला."

तिच्या हातातली पाण्याची बाटली कलंडली. पाणी बुटात गेलं.

"काय... काय माहितीये?"

"अगं, एका घरात महिनाभर राहिल्यावर कळत नाही का माणसाला? तुमचं वाजलंय. बोलत नाही धड एकमेकांशी. 'मीठ दे' एवढंसुद्धा उर्जाच्या मार्फत." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वाजायचंच. तुझी सासू माझ्याशी एकदा सबंध गणपती बोलली नव्हती. आरतीला ताम्हण मी धरलेलं, घंटा तिने, पण बोलणं नाही! अकराव्या दिवशी विसर्जनाच्या वेळी म्हणाली, 'सावकाश उतरा.' संपलं भांडण. विसरायला काहीतरी निमित्त लागतं माणसाला. निमित्त झालं की होतं सगळं नीट."

"बाबा, तसं नाहीये—"

"गेनाऊ!" दीनानाथ म्हणाले. म्हणजे 'अगदी बरोबर'. हा त्यांचा दुसरा जर्मन शब्द. तो ते फार चुकीच्या ठिकाणी वापरत. "तसं नसतंच. वाटतं फक्त."

आणि ते घोड्याचा फोटो काढायला गेले. ऊर्मिला ओल्या बुटात उभी राहिली. आपण सांगितलं का? नाही. त्यांनी ऐकलं का? तेही नाही. आणि तरी आता ते पुन्हा पहिल्यापासून सांगणं पहिल्यापेक्षा कठीण झालं होतं, कारण आता त्यांना वाटत होतं की त्यांना माहीत आहे.

फोटो काढता काढता त्यांना फोन आला. ते झाडामागे गेले, पाठ करून बोलले, परत आले.

"तुझी सासू विचारतेय, तुला मोरपंखी आवडतं की डाळिंबी?"

"कशासाठी?"

"उशीचे अभ्रे."

"मोरपंखी," ती म्हणाली.

अकरा

नाही.

दहा, नऊ

नाहीत.

बाइलनग्रीसच्या पुढे जुना कालवा संपतो. संपतो म्हणजे त्याच्यावरूनच नवा कालवा गेला आहे, रुंद, सरळ, काँक्रीटच्या काठांचा. जुने हौद, दारं, राखणदाराची घरं त्यात गेली. ऊर्मिला नकाशावर नंबर शोधत होती, मिळत नव्हते. शेजारून एक पांढरं तीन मजली पर्यटकांचं जहाज गेलं, त्याच्या गच्चीवर लोक बुद्धिबळ खेळत होते.

शनिवार उजाडला होता. आजची तारीख तिला ठाऊक होती. वीस वर्षांपूर्वी याच तारखेला चिंचवडच्या एका कार्यालयात, पंख्याखाली ठेवलेल्या अक्षता उडत असताना, तिचं लग्न लागलं होतं. सकाळी हॉटेलात नाश्त्याला बाबा समोर बसले, अंडं फोडलं, काही बोलले नाहीत. विसरले. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आज त्यांनी शुभेच्छा दिल्या असत्या तर तिला सांगणं जमलंच नसतं.

आता मधे मोडक्या दारांचेही थांबे उरले नव्हते. नुसता रस्ता. दीनानाथ भराभर पुढे जात होते, बॅटरी चालू करून, घड्याळ बघत.

"बाबा, जरा हळू! कुठे आग लागलीये?"

"चारच्या आत, सूनबाई!"

"कपिल थांबेल की."

"कपिलचं कोण म्हणतंय?" ते म्हणाले, आणि जीभ चावली.

दोन

केल्हाइमच्या अलीकडे, कुणाची नजर चुकवून राहून गेल्यासारखं, एक जुनं श्लॉयझं शिल्लक आहे. पाटीवर दोन. झाडाखाली बाक.

तिने सायकल आडवी टाकली. वाटेतच. त्यांना थांबावंच लागलं.

"पडलीस का गं?"

"नाही. बसा, बाबा. आणि मी बोलेन तोवर काही म्हणू नका. घोड्याचं नको, गणपतीचं नको."

ते बसले. काहीतरी करायला हवं म्हणून खिशातलं सफरचंद आणि चाकू काढला.

"मी आणि कपिल वेगळे होतोय. म्हणजे झालोच आहोत. नोव्हेंबरमध्ये वर्ष पुरं होईल, मग कोर्ट. एकाच घरात वेगळे राहतो. तुम्ही येणार म्हणून महिनाभर आम्ही नाटक केलं. तुम्ही म्हणता तसं वाजलेलं नाही आमचं. वाजायचं बंद झालं, त्याला चार वर्षं झाली. उर्जाला माहितीये. कपिल आज आईंना सांगतोय, गाडीत. मला सत्तावीसला सांगायचं होतं. त्रेपन्नलाही. बहात्तरलाही सांगायचं होतं, बाबा."

चाकू थांबला नाही. त्यांनी फोड कापली, बी काढलं, फोड तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, कारण त्यांनी दिलेली वस्तू तिने कधी नाकारली नव्हती.

त्यांनी दुसरी फोड कापली. म्हणाले, "फ्रिजमधले कप्पे. मला वाटलं, तुझं उपासाचं वेगळं असतं."

तिला हसू आलं आणि तिने फोड तोंडात घातली.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय चुकणार?"

"मग कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"कुणाचंच नाही, तर दुरुस्त कुणी करायचं?" ते खरोखर विचारत होते. दीनानाथांनी घड्याळ पाहिलं, आणि तिने त्यांचा असा चेहरा यापूर्वी कधीच पाहिला नव्हता. "आज नको होतं गं सांगायला. बुधवारी तरी सांगायचंस. नाहीतर मग उद्या."

त्यांनी सायकलच्या थैलीतून एक पिशवी काढली. आत इस्त्रीच्या घडीचं पांढरं कापड. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, आता तपकिरी झालेलं.

अंतरपाट. त्या दोघांच्या लग्नातला.

"पंचविसाव्याला मी असेन-नसेन," ते म्हणाले. "म्हटलं, विसाव्यालाच करू. आणि तुमचं वाजलंय असं दिसत होतं, म्हटलं, निमित्त होईल. तुमच्या मराठी मंडळातल्या निशिगंधाला साधनाने हाताशी धरलं. केल्हाइमला गास्टहाउसची मागची खोली घेतलीये. झिंडेलफिंगेनहून सगळे आलेत. हार आलेत, मुंडावळ्या आल्यात, मोरपंखी साडी आलीये. कपिलला पत्ता नाही. तुम्हाला समोरासमोर उभं करायचं, मधे हा धरायचा, आणि मी..." त्यांनी हवेत बोटं हलवली. नाना ना ननना.

"मंगलाष्टक," ऊर्मिला म्हणाली. "मिळुनिया."

"चार दिवस बसवतोय."

दोन (फोन)

"हॅलो, साधना? ऐक, जरा बाजूला ये. मला तुला—"

"बोलू नका! ती शेजारी असेल, कळेल तिला!"

"अगं, तेच. तिनेच मला—"

"तुमच्या पोटात तीळ भिजत नाही, म्हणून मी सांगत होते, यांच्यावर सोपवू नका. नुसतं 'हो' म्हणा. पोचताय ना?"

"साधना, कपिल काही बोलला का तुझ्याशी? गाडीत?"

"बोलतोय कसला! मी सबंध वाटेत गाणी म्हटली, तो आपला घाम पुसतोय. आल्यावर सगळ्यांना पाहून तर पांढराफटक पडला. आनंद झाला की तो असाच करतो, दहावीच्या निकालालाही असाच. ठेवते, हार फ्रिजमधून काढायचेत."

मग ऊर्मिलाचा फोन. कपिल. दबक्या आवाजात, मागे कुणीतरी तबला लावतंय.

"इथे सगळे आलेत. नंदिनी, गौरांग, मंडळातले सगळे. मी आत्ता टॉयलेटमध्ये आहे."

"आईंना सांगितलंस?"

"ती गात होती, ऊर्मिला. ऑटोबानवर. सलग. कुठे सांगू?"

"मी सांगितलं बाबांना."

"कधी?"

"आत्ता."

"मग आता?"

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला. दार कुणीतरी वाजवलं, आणि कपिल मोठ्याने, आनंदी आवाजात म्हणाला, "जा, जा, आलोच!"

दोन (अजून)

दीनानाथ उठले. आपल्या सायकलपाशी उकिडवे बसले, पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि अंगठ्याने दाबून धरलं. फुस्स करून हवा निघाली. तिने त्यांना अडवलं नाही. टायर जमिनीवर चपटं झाल्यावर त्यांनी बोटं पँटला पुसली.

"शाळेत असताना मास्तरांची सोडायचो," ते म्हणाले. "तेव्हा एक तास तरी बुडायचा."

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. "साधना, पंक्चर झालीये. आम्हाला वेळ लागेल. कदाचित होणारच नाही आज."

पलीकडून आनंदाची एक लाटच आली. काळजी नको! गौरांगच्या गाडीला मागे सायकलचं स्टँड आहे. निघालाच तो. तुम्ही हलू नका जागचे. दोन नंबरचं ना? त्याला माहितीये, तो मागच्या वर्षी आला होता. सगळे किती चांगले आहेत हो, नाही?

"हो," दीनानाथ म्हणाले. "फार चांगले आहेत."

दोघं बाकावर बसली. हौदात पाणी दाराच्या फटीतून झिरपत होतं, थेंब थेंब, कुणीही न सांगता.

"म्हणून दाखवा," ऊर्मिला म्हणाली.

"काय?"

"चार दिवस बसवलंत ते."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हटलं, हळू, कार्यालयातल्या चालीवर नाही, नुसतं सांगितल्यासारखं:

"पाणी संथ तसे तुम्ही मिळुनिया चाला पुढे सोबती..."

मधल्या दोन ओळी त्यांनी गिळल्या. शेवटची म्हटली.

"ऊर्मीला-कपिलां सुखे नित मिळो, कुर्यात् सदा मंगलम्."

"चांगलं झालंय, बाबा."

"तुझ्या नावातली 'मि' लांबवली. वृत्तात चालतं." ते बोटांवर मोजत होते. मोजतच राहिले. ओठ हलत होते. मग मान वर न करता म्हणाले, "'कपिलां'च्या जागी 'मुलगी' बसतं. ऊर्मीला मुलगी सुखे नित मिळो... नाही, मग 'मिळो' नको, 'असो'. ऊर्मीला मुलगी सुखे नित असो. बसतंय बघ. मात्रेला मात्रा."

ऊर्मिलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फुटली असती. "आणि कपिल?" तिने विचारलं.

ते पुन्हा मोजू लागले. एकदा, दोनदा. हात मांडीवर पडला.

"कपिल माझा मुलगा आहे गं," ते म्हणाले.

"माहितीये, बाबा."

"एका ओळीत दोघं बसली असती तर..."

पलीकडच्या रस्त्यावर निळी गाडी वळताना दिसली. मागे सायकलचं स्टँड, पुढे आरशाला झेंडूची माळ.

अंतरपाट बाकावर उघडाच पडला होता. दीनानाथांनी एक टोक उचललं. ऊर्मिलाने दुसरं उचललं. चादरीची घडी घालतात तसा दोघांनी तो ताणला, अर्धा केला, टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत आली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. शेवटी कापडाची एवढीशी पुडी झाली आणि ती कुणाच्या हातात राहावी हे दोघांनाही कळेना. दोघांचेही हात तिच्यावर.

गाडीतून गौरांग उतरला. तिशीतला, हसरा, डोक्यावर गुलाबी फेटा. "काय काका! मुहूर्तालाच पंक्चर?" ऊर्मिलाकडे बघून त्याने जीभ बाहेर काढली, फेट्याला हात लावला. "अरे, यांना सांगायचं नव्हतं ना? जाऊ दे. वहिनी, तुम्ही काही पाहिलं नाही!"

तो चाकाशी बसला. चाक फिरवलं. टायरवरून हात फिरवत गेला, सगळीकडून, दोनदा. मग गाडीतल्या पंपाने हवा भरली आणि कान लावून ऐकलं. चाक कडक झालं आणि तसंच राहिलं.

"भोक तर कुठेच नाही, काका."

"असेल," दीनानाथ म्हणाले. "नीट बघ."